शिडीचे रुंदीकरण थांबवून भिंतीत दार मिळणेबाबत

प्रति,
मा. उपसंचालक साहेब,
रस्तेजोडणी व नगरविस्तार विभाग,
नवी इमारत, दुसरा मजला
(नव्या इमारतीचा जिना बंद असल्यामुळे जुन्या इमारतीच्या गच्चीवरून)

विषय : जोडरस्ता क्रमांक चौदा हा रस्ता नसून शिडी आहे, सबब तिचे रुंदीकरण करू नये व त्याऐवजी भिंतीत एक साधे दार द्यावे, याबाबत.

संदर्भ : १) आपल्या विभागाची रुंदीकरणाची नोटीस.
२) दारासाठी मी यापूर्वी केलेले अर्ज.
३) त्यांपैकी एका अर्जाला आलेले उत्तर, जे मी जपून ठेवले आहे.

महोदय,

१. मी खाली सही करणारा अर्जदार जुन्या वस्तीत, गल्लीच्या अगदी शेवटच्या घरात राहतो. पूर्वी हेच घर गल्लीच्या मधोमध होते. घर हललेले नाही. गल्ली कापली गेली. माझे चष्म्याचे दुकान होते व आता मी निवृत्त आहे. गावातल्या निम्म्या लोकांना जवळचे नीट दिसावे आणि उरलेल्या निम्म्यांना लांबचे, एवढीच माझी समाजसेवा. आपल्या विभागातील बऱ्याच साहेबांचे नंबर मी काढलेले आहेत, पण त्या ओळखीचा फायदा या अर्जात घेण्याचा माझा विचार नाही. फक्त एवढे नमूद करतो, की बहुतेकांचे लांबचे उत्तम होते.

२. प्रकरणाची हकिकत थोडक्यात अशी. माझी थोरली बहीण (यापुढे 'ताई') हिचे लग्न आमच्याच गल्लीतल्या, पुढच्याच घरात राहणाऱ्या वायरमनशी (यापुढे 'भावोजी') झाले. ती सासरी निघाली तेव्हा आई रडू लागली. बाबा म्हणाले, "अगं, रडतेस काय? संध्याकाळी चहाला येईल ती." आणि ती आली. पुढे रोजच येत राहिली. या चहाला आजवर कोणत्याही कार्यालयाची हरकत नव्हती.

त्या काळी आमच्या गावाचे रस्ते खाटेच्या विणीसारखे होते. कोणतीही गल्ली चार पावलांवर दुसऱ्या गल्लीला छेदायची. एखादा बोलघेवडा माणूस समोरून येताना दिसला, तर त्याला चुकवायला चार वाटा असत. त्या चारही वाटा त्यालाही ठाऊक असल्यामुळे तो पुढच्या कोपऱ्यावर भेटेच, ही गोष्ट वेगळी.

मग गाव मोठे झाले. मोठे झाल्याबद्दल तक्रार नाही. परंतु नव्या वसाहती विणीसारख्या न वाढता झाडासारख्या वाढल्या. एक जाडजूड रस्ता खोडासारखा, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला काही घरे व गाडी वळवायला एक गोल जागा. कागदावर फार शोभिवंत दिसते. अडचण एवढीच, की या पानावरून शेजारच्या पानावर जायचे तर आधी खोडापर्यंत उतरायचे आणि दुसऱ्या फांदीने पुन्हा चढायचे. मुंग्यांना ते जमते. ताईला जमत नाही.

३. ताईचे घर अशाच एका वसाहतीत गेले. म्हणजे घर जागेवरच राहिले, वसाहत त्याच्याभोवती आली. वसाहतीने सुरक्षिततेसाठी चोहीकडून भिंत घातली. ती भिंत आमच्या गल्लीला आडवी आली. अलीकडचे शेवटचे घर माझे, पलीकडचे शेवटचे घर ताईचे. माझे स्वयंपाकघर भिंतीला लागून, तिचेही भिंतीला लागून. तिच्याकडे फोडणी पडली की शिंका माझ्या पत्नीला येतात.

वसाहतीला फाटक एकच आहे आणि ते ताईच्या घरापासून सर्वांत लांब, बाहेरच्या वळणरस्त्यावर आहे. पूर्वी ताईकडे जायला मी पायात चपला घालत नसे. भिंतीनंतर ते अंतर सहा किलोमीटर झाले. मग रस्त्यात दुभाजक आला, तेव्हा सात. मग गाडी उलट फिरवण्याची जागा पुलापलीकडे नेली, तेव्हा नऊ. अशा रीतीने गाव दरवर्षी सुधारते आहे आणि ताई दरवर्षी लांब जाते आहे. भिंत मात्र नऊ इंचच राहिली आहे. तिच्यात काहीही वाढ झालेली नाही, हे प्रामाणिकपणे कळवतो.

४. भावोजी बोलायला कमी आणि हाताने करायला पुढे. त्यांनी एके दिवशी आपली कामाची लाकडी घडीची शिडी आणली, जिच्यावर उभे राहून त्यांनी जन्मभर लोकांचे पंखे लावले. ती उघडून तिचे दोन पाय भिंतीच्या त्या बाजूला आणि दोन पाय या बाजूला असे ठेवले. शिडी भिंतीवर घोड्यावर बसावे तशी बसली. ताई पहिल्यांदा वर चढली, थोडा वेळ भिंतीवर टेकली, दोन्हीकडे पाहिले आणि म्हणाली, "एवढंच होतं होय रे? आणि आपण इतके दिवस रिक्षा करत होतो!"

तेव्हापासून चहा सुरळीत सुरू झाला. हळूहळू पेपरवाला, नळ दुरुस्त करणारा, वसाहतीत धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका, सगळेच शिडीने जाऊ लागले. शिडीवर कधी अपघात झाला नाही. समोरून कोणी येत असेल तर खालचा थांबायचा. याला आपल्या भाषेत वाहतूक नियमन म्हणतात असे मला नंतर समजले.

५. यानंतर आपल्या विभागाचे मोजणीदार गल्लीत आले. खांद्यावर सतत टेप असल्यामुळे गल्लीत त्यांना 'टेपवाले' म्हणतात. यात अनादर नाही. ते घामाघूम झाले होते. आमच्यात झालेले बोलणे पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ असल्याने जसेच्या तसे देत आहे.

ते म्हणाले, "काका, रस्ता इथे संपतो?"

मी म्हणालो, "गाडीचा संपतो. माणसांचा जातो."

"कुठून?"

मी शिडी दाखवली.

"ह्यावरून लोक ये-जा करतात?"

"करतात की."

"कोणाच्या परवानगीनं?"

"ताईच्या."

"कोणी अडवतं का?"

"माझी बायको. पण ती फक्त मला."

ते मटकन पायरीवर बसले. म्हणाले, "काका, सकाळपासून फिरतोय. ज्या रस्त्याला लागावं त्याच्या टोकाला भिंत. साहेब म्हणतात, दोन वॉर्डांमधला एक तरी जोड दाखवा. कुठून दाखवू? घरी बसून शिवून आणू का मी?" मग त्यांनी सूचनापुस्तिका काढून वाचली. लोक एका भागातून दुसऱ्या भागात जायला नेहमी वापरतात ती वाट म्हणजे रस्ता, असे तिच्यात लिहिले होते. त्यांनी शिडीकडे पाहिले, पुस्तिकेकडे पाहिले, पुन्हा शिडीकडे पाहिले. पृष्ठभाग या रकान्यात डांबरी, काँक्रीट, मातीचा आणि इतर असे पर्याय होते. त्यांनी 'इतर' वर खूण करून पुढे 'लाकडी' लिहिले. चढ या रकान्यात 'तीव्र' लिहिले. उतार या रकान्यातही 'तीव्र' लिहिले, कारण ते सचोटीचे गृहस्थ आहेत. मला त्यांची कीव आली व मी त्यांना चहा दिला. या प्रकरणात माझ्याकडून झालेले सहकार्य एवढेच.

६. शिडी नोंदली जाताच अलीकडची गल्ली व पलीकडचा रस्ता अशी दोन बंद टोके एका फटक्यात खुली झाली. वॉर्डाची जोडणी सुधारल्याबद्दल आपल्या विभागाला ढाल मिळाली, त्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. वर्तमानपत्रातल्या फोटोत आपण ढाल घेऊन उभे आहात आणि मागच्या नकाशावर आमची शिडी जाड निळ्या रेषेने दाखवली आहे. भावोजींनी तो फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "जन्मभर हिच्यावर चढलो, मला कोणी वाटीसुद्धा दिली नाही."

त्यानंतर शिडीशेजारी पाट्या लागल्या. पहिली 'जोडरस्ता क्र. १४'. दुसरी 'वेगमर्यादा २०'. तिसरी 'अवजड वाहनांस मनाई', जी ताईने भावोजींना लागू केली व त्यांचा रात्रीचा भात कमी केला. पाट्यांबाबत अर्जदाराची तक्रार नाही.

७. तक्रार मोबाईलबाबत आहे. आपला नकाशा मोबाईलमध्ये गेला आणि सगळ्या शहराला कळले की पुलाला वळसा न घालता वसाहतीत जाणारा एक जवळचा रस्ता आहे. दुसऱ्याच दिवशी गल्लीत एक टेम्पो आला, मागे तीन माणसे बसतील असा सोफा. चालक खिडकीतून म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, सरळ जायचंय."

"जा की."

"अहो, समोर भिंत आहे."

"आहे."

"पण मोबाईल म्हणतो रस्ता पुढे जातो."

"जातो. तुम्ही उतरा, तुम्हीसुद्धा जाल."

साहेब, सोफा गेला. चौघांनी धरून शिडीवरून नेला. टेम्पो राहिला. आमच्या बाजूला गाडी वळवायची गोल जागा नसल्यामुळे त्याला सगळी गल्ली उलटी जावी लागली आणि मागे तोवर आणखी पाच जण सरळ जायला उभे होते. तेव्हापासून हे रोजचे झाले आहे. सिमेंट कालवणारे एक अजस्र वाहन दोन दिवस दारात फिरत उभे होते. वाहन उभे, पाठीवरचा पिंप फिरत. पत्नी म्हणाली, "दुकान बंद झाल्यापासून दारात कोणी फिरकत नाही म्हणून कुरकुरत होतात ना? घ्या आता."

८. यातच ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. इस्पितळातून तिला घरी आणणारी रुग्णवाहिका अर्थातच जवळच्या रस्त्याने आली, म्हणजे माझ्या दारात. चालकाने मोबाईल दाखवून सांगितले, "पोचलो आजी." ताई आतून म्हणाली, "पोचले खरी बाबा, पण माहेरी." सोबतच्या परिचारकाने उत्साहाने शिडीकडे पाहून विचारले, उचलून न्यायचे का. ताईने त्याला विचारले, "नवीन गुडघा बसवलाय तो आजच मोडून बघायचाय का तुला?" शेवटी तिने रुग्णवाहिकेतच चहा घेतला, रुग्णवाहिका सगळी गल्ली उलटी गेली, आणि वळणरस्ता, पूल, पुलापलीकडचे वळण व फाटक असा प्रवास करून ती आपल्या घरी, म्हणजे माझ्यापासून नऊ इंचांवर, पोचली. पोचल्यावर तिने हाक मारली, "आले रे!" तिची औषधांची पिशवी माझ्या ओट्यावरच राहिली होती. ती मी भिंतीवरून टाकली व भावोजींनी झेलली. आपल्या विभागाच्या मोजणीनुसार ती पिशवी एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात गेली.

९. आता मूळ मुद्दा. डॉक्टरांनी ताईला बजावले आहे की रोज थोडे चालायचे, नाहीतर गुडघा आखडेल. "ओळखीच्या कोणाकडे तरी चालत जाऊन येत जा," असे ते म्हणाले. सल्ला उत्तम आहे. पण वसाहतीत चालत जाऊन पोचावे असे काहीच नाही. प्रत्येक रस्ता गोल जागेपर्यंत जातो आणि परत येतो. दुकान नाही, बाक नाही, ओळखीचे दार नाही. पहिल्या दिवशी ताई काठी घेऊन निघाली, तर फाटकावरच्या रखवालदाराने तिला कॅमेऱ्यात पाहिले आणि भावोजींना फोन केला, "साहेब, तुमच्या घरातल्या एक बाई चालत निघाल्यात. काही झालंय का?" दुसऱ्या दिवशी तीन गाड्या थांबल्या व तिघांनीही काळजीने विचारले की गाडी बंद पडली का. तिसऱ्या दिवसापासून ती फक्त भिंतीपर्यंत येते.

पायी पोचता येईल असे तिला एकच ठिकाण आहे, ते म्हणजे माझे घर. आणि तिच्या त्या गुडघ्याने शिडी चढवत नाही. माझे म्हणाल तर मी चढलो असतो. पण एकदा वरून तोल गेल्यापासून पत्नीने शिडीचा वापर मला कायमचा बंद केला आहे, व तिच्या आदेशाविरुद्ध अपील कुठे करायचे हे मला माहीत नाही. त्यामुळे संध्याकाळी ताई तिकडे भिंतीशी उभी राहते, मी इकडे उभा राहतो, आणि आम्ही एकमेकांना न पाहता बोलतो. तिला थोडे कमी ऐकू येते. त्यामुळे आमच्या घरगुती गोष्टी सरळ जायला थांबलेल्या सगळ्या वाहनांना ऐकू जातात. परवा ताई ओरडून विचारत होती, "अरे, ह्यांना वरणात मीठ कमी घातलं तर कळतं, मग माझा गुडघा दुखतोय हे का कळत नाही?" त्यावर रांगेतल्या टेम्पोवाल्याने मोठ्याने उत्तर दिले, "आजी, मीठ बंदच करा, मग गुडघा आठवेल!" ताईला ते पटले. पलीकडून भावोजी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले, "कोण आहे रे तो?"

महोदय, हे विनोदाने लिहिले असले तरी ती रुग्णवाहिका गेल्यापासून मी ताईचा चेहरा पाहिलेला नाही. एकदा रिक्षा करून गेलो होतो, तर पुलावर अडकलो आणि पोचेपर्यंत ती औषध घेऊन, भिंतीकडे तोंड करून झोपली होती. चहाला नऊ किलोमीटर जाणे म्हणजे चहा राहत नाही, प्रवास होतो. प्रवासाला माणूस आठवड्यातून एकदा जातो. मग महिन्यातून. मग लग्नाला किंवा दुःखाला. अशीच नाती लांबतात, व त्यात कोणाचेही भांडण झालेले नसते.

१०. सबब मी भिंतीत तीन फुटी दार मागितले. बरेच अर्ज केले. एकाला उत्तर आले ते असे, की सदर ठिकाणी दोन्ही वॉर्डांना जोडणारा रस्ता (जोडरस्ता क्र. १४) आधीच अस्तित्वात असल्याने त्याच ठिकाणी दुसरा मार्ग देता येत नाही. मी विनंती केली की मग शिडी काढून टाकतो, दार द्या. खिडकीवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहत समजावले, "काका, चालू रस्ता असा घरी नेता येत नाही. सार्वजनिक रस्ता बंद करायचा तर दोन्ही वॉर्डांचा ठराव लागतो, हरकती मागवाव्या लागतात. आणि काढलाच, तर साहेबांची ढाल परत करावी लागेल. कोण सही करणार?" बाईंचा युक्तिवाद बिनतोड होता. त्यांच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, ती मी तिथेच घट्ट करून दिली.

११. यावर कळस म्हणजे संदर्भ क्रमांक एकची नोटीस. तीत म्हटले आहे की दोन वॉर्डांना जोडणारा रस्ता किमान बारा मीटर रुंद हवा. जोडरस्ता क्र. १४ ची रुंदी सध्या दीड फूट भरते. वाहतुकीचा वाढता ताण पाहता त्याचे रुंदीकरण करण्यात येईल. त्यात अलीकडील एक व पलीकडील एक अशी दोन स्वयंपाकघरे बाधित होतील. मधल्या भिंतीबाबत नोटिशीत असे वाक्य आहे : 'भिंत रस्त्याच्या व्याख्येत येत नसल्याने तिला हात लावण्याचे प्रस्तावित नाही.'

मी ही नोटीस भिंतीवरून ताईला वाचून दाखवली. दोनदा वाचावी लागली, आणि दुसऱ्यांदा ऐकू न आल्यामुळे नव्हे. ती म्हणाली, "म्हणजे मला तुझ्याकडे चहाला येता यावं म्हणून तुझं स्वयंपाकघर पाडणार?"

"हो."

"आणि माझंही?"

"हो."

"आणि भिंत ठेवणार?"

"हो."

तिने काठीने भिंत ठोकून पाहिली. मग म्हणाली, "मग चहा करायचा कुठे, ते विचार त्यांना." हा प्रश्न मी तिच्या वतीने आपणास विचारत आहे.

१२. रुंदीकरणाच्या खुणा करायला टेपवाले पुन्हा आले, त्या दिवशीचा प्रसंग आपल्या कानावर अपुरा गेला असण्याची शक्यता आहे. टेपचे एक टोक हातात धरून ते शिडी चढले. वर पोचता पोचता वरून तिसरी पायरी मोडली, शिडी कलंडली आणि ते भिंतीच्या माथ्यावर बसून राहिले. शिडीचा पाय भिंतीवर आपटून कमरेइतक्या उंचीवर एक वीट निखळली व माझ्या बाजूला पडली. कोणास इजा नाही. पलीकडून ताईने विचारले, "कोण रे ते वर?"

"मी मोजणीदार आहे, आजी."

"मग आता खाली किती आहे ते मोज."

त्यांना उतरवायला कोणत्या वॉर्डाने यायचे हे फोनवर ठरेना, कारण भिंतीचा माथा दोन्ही वॉर्डांच्या हद्दीबाहेर आहे. तोवर पत्नीने चहाचा डबा काठीला अडकवून वर दिला. चहा पिता पिता टेपवाल्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. इकडे आमचे आधण उकळत होते, तिकडे भावोजींनी भांडे ठेवले होते. ते म्हणाले, "काका, इथून ही दोन्ही स्वयंपाकघरं एकाच घरातली वाटतात हो."

ताई म्हणाली, "होतीच. तुझ्या साहेबांना सांग."

"साहेब इथं चढणार नाहीत, आजी."

"चढू नकोत. दार करा म्हणावं, चालत येतील."

भावोजींनी दुसरी शिडी आणून त्यांना पलीकडे उतरवून घेतले. त्यांची सरकारी गाडी मात्र अलीकडे होती. ती गल्ली उलटी जाऊन, पुलाला वळसा घालून नऊ किलोमीटरवरून त्यांना न्यायला गेली. त्या प्रवासाच्या इंधनाची नोंद आपल्याकडे असेलच.

१३. ती गडबड चालू असताना मी वीट उचलायला वाकलो. भिंतीची जाडी विटेच्या लांबीएवढीच असल्याने तिथे आरपार भोक पडले होते. त्यातून पलीकडून एक डोळा माझ्याकडे पाहत होता. चष्मा माझ्याच दुकानातला होता, त्यामुळे ओळख पटण्यास अडचण आली नाही. ताईने तो नाकावर नीट बसवला. मग म्हणाली, "म्हातारा झालास रे."

मग तिने कपबशी पुढे केली. कप गेला. बशी गेली नाही. बशीला भोक अपुरे आहे.

१४. तरी वरील सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन विनंती की :

(अ) शिडीला शिडी म्हणावे. ढाल आपल्याकडेच राहू द्यावी. आम्ही कोणाला सांगणार नाही.

(आ) दोन्ही स्वयंपाकघरे पाडू नयेत.

(इ) भिंतीत एक दार द्यावे. रुंदी तीन फूट पुरे. ताई काठीसह मावली पाहिजे आणि भावोजी तिरके होऊन.

(ई) वरीलपैकी काहीच शक्य नसल्यास व शिडी हा रस्ताच असल्यास, सदर रस्त्याला तिसऱ्या पायरीवर खड्डा पडला आहे. तो तातडीने बुजवावा. खड्डा विभागाच्या कर्मचाऱ्यानेच पाडलेला आहे.

(उ) कलम १३ मधील भोकातून माणूस जात नाही, फक्त चहा जातो. ते रस्त्याच्या व्याख्येत बसत नाही. कृपया ते मोजू नये.

१५. निखळलेली वीट ही वसाहतीची की विभागाची, हे मला ठरवता आले नाही. परक्या मालमत्तेचा लोभ नसल्याने ती या अर्जासोबत जोडून आपल्याकडे जमा करत आहे. पोच मिळावी. भोकाच्या कडेचे सिमेंट भुसभुशीत झाले असून शेजारच्या विटा सैल आहेत. त्या पडतील तशा, प्रत्येक विटेमागे एक अर्ज, या हिशोबाने मी जमा करत राहीन. दार केवढे हवे ते वर दिलेच आहे. तेवढ्याला पुरतील इतके कागद मी आणून ठेवले आहेत.

आपला नम्र, व तूर्त एका विटेने मोकळा झालेला,

(सही)
चष्मेवाले, निवृत्त
गल्लीतील शेवटचे घर, अलीकडून

सहअर्जदार : ताई (सही भोकातून घेतली)
शेवटचे घर, पलीकडून

दिनांक : हरकतींची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी

सोबत : १) नोटिशीची प्रत.
२) आपला ढालीसह फोटो (भावोजींना परत हवा आहे).
३) मोडकी पायरी, दोन तुकडे.
४) वीट, एक नग.

ता.क. साहेब, मी ताई. सही करताना हात टेकला, तर दुसरी वीट हलली. तुमच्याकडे ठेवायला जागा करून ठेवा.